आतड्यातले बॅक्टेरिया आणि कोलायटिस-क्रोन्स : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन आजारांबद्दल लिहिलं होतं. दोन्हींना मिळून डॉक्टर लोक आयबीडी म्हणतात, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज येत राहण्याचा आजार. त्यात मी एक वाक्य लिहून गेले होते की यात आतड्यातल्या बॅक्टेरियाचाही हात असतो, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, बऱ्याच जणांनी आयबीएस आणि आयबीडी एकच समजून लिहिलंय. आयबीएसमध्ये पोट त्रास देतं पण आतड्याला जखमा नसतात, आयबीडीमध्ये जखमा असतात, रक्त जातं, वजन उतरतं. आजची उत्तरं आयबीडीवाल्यांसाठी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. चार महिने शौचातून रक्त आणि चिकट पडत होतं. आधी मूळव्याध समजून मलम लावलं, मग आव आहे म्हणून गोळ्यांचे दोन कोर्स झाले, शेवटी दुर्बिणीने तपासल्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. डॉक्टर म्हणाले आतड्यातल्या बॅक्टेरियाचा बॅलन्स बिघडलाय. तेव्हापासून माझ्या सासूबाई तिचं ताट-पेला वेगळा ठेवतात. हे इन्फेक्शन आहे का? मग अँटिबायोटिकने जाणार नाही का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे तिचं ताट-पेला आजच सगळ्यांच्या भांड्यांत ठेवा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही, एका संडासामुळे लागत नाही, उद्या लग्न झालं तर नवऱ्यालाही लागणार नाही. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्या काळजीपोटी करत असतील हे मला कळतं, पण २२ वर्षांच्या पोरीला आपल्याच घरात वेगळं जेवायला लागणं हे आजारापेक्षा जास्त दुखतं, माझ्यासमोर बसून यावरून रडलेल्या मुली मी पाहिल्यात.

आता बॅक्टेरियाचं. आपल्या प्रत्येकाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोही भरत नाही. ते आपले भाडेकरू आहेत आणि भाडंही देतात. भाकरी, भाजी, डाळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्या ब्युटिरेटवरच जगतात. म्हणजे आतड्याचं अस्तर आपण थेट भरवत नाही, बॅक्टेरिया भरवतात.

एवढे जंतू असूनही आतडं शांत कसं राहतं? भेंडी चिरताना बोटांना जो बुळबुळीत थर लागतो ना, तसा एक थर आतड्याच्या आतून असतो, म्युकस म्हणतात त्याला. मोठ्या आतड्यात तो दुपदरी असतो, वरचा पदर सैल आणि त्यात बॅक्टेरिया राहतात, खालचा घट्ट आणि निरोगी माणसात त्या पदरात बॅक्टेरिया जवळजवळ नसतातच. कोलायटिसमध्ये हा खालचा पदर पातळ होतो, फाटतो, बॅक्टेरिया थेट अस्तराला भिडतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. खरं तर ते शत्रू नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहणारे आहेत, पण पोलीस एकदा घरात शिरून लाठीमार करायला लागले की घरमालकालाही लागतं, तसं त्या मारात आतड्यालाच जखमा होतात. आणि सूज आली की आतड्यात ऑक्सिजन वाढतो, ब्युटिरेट बनवणाऱ्या बऱ्याच बॅक्टेरियांना तर ऑक्सिजन सहनच होत नाही, ते मरतात, ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियासारख्यांचं फावतं आणि सूज आणखी वाढते. तुमचे डॉक्टर बॅलन्स बिघडलाय म्हणाले ते हेच.

हे नुसत्या अंदाजाने म्हणत नाहीये. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शरीरातला सूज आवरणारा एक रेणू, इंटरल्यूकिन-१०, जनुक काढून बंद केला आणि त्या उंदरांना आतड्याची सूज यायला लागली. पुढे तसलेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले, ज्यांच्या पोटात एकही बॅक्टेरिया नव्हता, तर त्यांना आजार झालाच नाही. जनुक तेच, दोष तोच, फक्त बॅक्टेरिया नाहीत. म्हणजे आजार व्हायला दोन्ही लागतं, बिथरलेली प्रतिकारशक्ती पण आणि बॅक्टेरिया पण.

म्हणूनच अँटिबायोटिकचा कोर्स करून कोलायटिस जात नाही. हा काही एका बाहेरच्या जंतूचा आजार नाही की तो मारला आणि संपलं. उलट तुमच्या मुलीचे जे दोन कोर्स झाले तसे आपल्याकडे कितीतरी पेशंटचे पाच-सहा होतात, प्रत्येक वेळी "आव आहे" म्हणून, आणि त्यात निदानाला वर्ष-दीड वर्ष उशीर होतो. ज्यांच्या शौचातून महिनाभर रक्त जातंय त्यांनी तिसरा कोर्स घेण्याआधी दुर्बिणीच्या तपासणीचं विचारा, हे मी कळकळीने सांगते. अँटिबायोटिकला जागा आहे, क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ फिस्टुला (भगंदर) किंवा पू झाला असेल तर, किंवा मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याची जी पिशवी बनवतात तिला सूज आली तर. पण ती जागा डॉक्टरांनी ठरवायची.

प्रश्न : माझ्या भावाला क्रोन्स आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झाला म्हणून मागच्या वर्षी दीड फूट आतडं काढलं. सर्जन म्हणाले सगळा खराब भाग काढलाय. आता पोटाचे डॉक्टर म्हणतात औषध चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी परत दुर्बीण. खराब भाग काढला तर औषध कशाला? (सातारा)

उत्तर : दादा, हा प्रश्न तुमच्या भावासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेल्जियममधल्या लूव्हेन शहरातल्या डॉक्टरांनी १९९१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा अभ्यास छापला. पेशंट फक्त पाच. पाचही जणांचं क्रोन्सने खराब झालेलं आतडं कापून उरलेली टोकं जोडली होती, तुमच्या भावासारखीच, पण या पाच जणांचं शौच जोडाच्या वरूनच पोटावरच्या थैलीत वळवलं होतं, म्हणजे जोडावरून काहीच जात नव्हतं. सहा महिन्यांनी बघितलं तर जोडाजवळचं आतडं स्वच्छ, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तरी सूज नाही. मग थैली बंद केली, शौचाची वाट पूर्ववत केली आणि सहा महिन्यांनी परत दुर्बीण टाकली, तर आजार परत आलेला. पुढे १९९८ मध्ये त्याच गटाने आणखी थेट प्रयोग केला, तीन पेशंटच्या त्या रिकाम्या, शांत आतड्यात त्यांच्याच थैलीतला मळ सोडला, आणि आठ दिवसांत तिथे सुजेची सुरुवात दिसली.

आठ दिवस! शिकत असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान परत वाचलं होतं. आतड्यातून जे वाहतं, त्यातले बॅक्टेरिया आणि त्यांनी तयार केलेली रसायनं, त्यातच ठिणगी आहे हे इतक्या स्वच्छपणे माणसात दुसऱ्या कशानेच दाखवलं नव्हतं.

तर सर्जन खोटं बोलले नाहीत, त्यांनी खराब भाग खरंच काढला. पण भावाच्या आतड्यातले बॅक्टेरिया तेच आहेत आणि त्यांच्यावर चिडणारी प्रतिकारशक्तीही तीच आहे. औषध त्यासाठी आहे. दुर्बीण सहा महिन्यांनी यासाठी की जोडाजवळ आजार परततो तेव्हा सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही, पोट दुखत नाही, वजन उतरत नाही, पण बारीक बारीक जखमा दिसायला लागलेल्या असतात. तेव्हाच पकडलं तर दुसरं ऑपरेशन टाळता येतं.

याच संदर्भात एका बॅक्टेरियाचं नाव सांगते, जीभ वळवावी लागेल, फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉसनिट्झाय. हा ब्युटिरेट बनवणाऱ्यांतला मोठा खेळाडू. २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की क्रोन्सच्या ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या आतड्यात हा कमी होता त्यांच्यात सहा महिन्यांनी आजार परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. उलट बाजूला एक ई. कोलायची जात आहे, पेशींना चिकटून आत घुसणारी, तीही फ्रान्समध्येच क्लेरमाँ-फेराँला अर्लेट दार्फुई-मिशो यांच्या टीमने शोधली, आणि ती क्रोन्सवाल्यांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त सापडते. अजून या दोघांवरून कुणाचं औषध ठरवत नाहीत, पण भावाला विचारावंसं वाटलं की "माझ्या पोटात नेमकं काय चाललंय", तर ही त्यातली खरी नावं आहेत.

आणि भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती आधी सुटली पाहिजे. ऑपरेशननंतर क्रोन्स परत आणणाऱ्या गोष्टींत सिगारेट अगदी वरच्या नंबरवर आहे, आणि ती सोडणं तुमच्या हातातलं आहे.

प्रश्न : दही, ताक, आंबील यात चांगले बॅक्टेरिया असतात असं सगळे म्हणतात. मेडिकलमध्ये प्रोबायोटिकचे सॅशे पण मिळतात. रोज घेतले तर कोलायटिसच्या गोळ्या बंद करता येतील का? माझ्या मिस्टरांनी दोन आठवड्यांपासून गोळ्या थांबवल्यात आणि दिवसातून तीनदा ताक पितात. (गृहिणी, सांगली)

उत्तर : गोळ्या आज संध्याकाळपासून परत सुरू करायला सांगा आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटा, बरं वाटत असलं तरी. गोळ्या सोडल्यावर पहिले काही आठवडे छान जातात आणि त्यामुळेच माणूस फसतो.

ताकाशी माझं भांडण नाही. पोटाला सोसत असेल तर खुशाल प्या, दूध ज्यांना पचत नाही त्यांनाही दही-ताक बऱ्याचदा पचतं कारण विरजणातले बॅक्टेरिया दुधातली साखर थोडी आधीच खाऊन टाकतात. पण विरजणातले बॅक्टेरिया दुधात वाढायला पटाईत आहेत, माणसाच्या आतड्यात घर करायला नाहीत. ते येतात आणि जातात. कोलायटिसमध्ये जे कमी झालेले असतात, मघाशी नाव घेतलं तो फीकॅलिबॅक्टेरियम वगैरे, ते दह्यात नसतातच, त्यांना हवा लागली की ते मरतात.

प्रोबायोटिकवर चांगलं कामही झालंय, ते झाकून ठेवायचं नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ साली जर्मनीत फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले नावाच्या डॉक्टरांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायची एक निरुपद्रवी जात वेगळी केली. आजूबाजूच्या सैनिकांना जुलाब लागले होते आणि याला काही झालं नव्हतं. ती जात आजही कॅप्सूलमध्ये मिळते, आणि सूज आटोक्यात आलेल्या कोलायटिसच्या पेशंटमध्ये ती मेसालामिन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या जवळपास टिकली असं युरोपातल्या ट्रायलमध्ये दिसलं. आपल्याकडे लुधियानाच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये १४७ पेशंटवर आठ बॅक्टेरियांच्या एका मिश्रणाची ट्रायल छापली, सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये फायदा दिसला. पण डोस बघा, एका वेळेला ३.६ लाख कोटी जिवंत बॅक्टेरिया, दिवसातून दोनदा. जुलाबासाठी मेडिकलमध्ये जो सॅशे देतात त्यात याच्या पासंगालाही पुरेल एवढं नसतं. आणि क्रोन्समध्ये प्रोबायोटिकने ठोस फायदा दिसलेला नाही.

एक इशारा. मिस्टर स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असतील तर कुठलाही प्रोबायोटिक सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. फार अशक्त, सलाइनची नळी टाकलेल्या पेशंटमध्ये हे जिवंत जंतू रक्तात गेल्याच्या घटना आहेत.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, कोलायटिससाठी सल्फासालाझिनच्या पिवळ्या गोळ्या घेतो. दाढ सुजली म्हणून डेंटिस्टने अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी लिहून दिली. दोन्ही एकत्र चालतं का? शिवाय लघवी नारिंगी होते ते काय? (अकोला)

उत्तर : तुम्ही ज्या गोळीबद्दल विचारलंय ना, तिची गोष्ट माझी फार आवडती आहे, कारण ती गोळी तुमचे बॅक्टेरिया उघडतात.

नाना स्वार्ट्झ नावाच्या स्वीडनच्या बाई डॉक्टर होत्या, त्यांनी १९४० च्या आसपास हे औषध सांधेदुखीसाठी बनवून घेतलं. सांध्यांवर एक सल्फा औषध आणि एक अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं औषध, दोघांना रासायनिक गाठ मारून एकच रेणू केला. सांधेदुखीच्या ज्या पेशंटना सोबत कोलायटिस होता त्यांचं पोटही सुधारायला लागलं. का ते कळायला तीसेक वर्षं गेली. १९७० च्या दशकात कळलं की ही गाठ माणसाच्या शरीराला सोडवता येत नाही, गोळी पोटातून, लहान आतड्यातून बरीचशी तशीच पुढे जाते, मोठ्या आतड्यात पोचली की तिथले बॅक्टेरिया ती गाठ तोडतात. बॅक्टेरिया नसलेल्या उंदरांना दिली तर गाठ तुटतच नाही. आणि १९७७ मध्ये ऑक्सफर्डला काम करणाऱ्या आझाद खान नावाच्या बांगलादेशी डॉक्टरांनी दोन्ही भाग वेगवेगळे एनिमाने देऊन दाखवलं की काम करतो तो अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातला भाग, म्हणजे आजचं मेसालामिन. सल्फा फक्त पोचवणारा पोस्टमन होता. ज्या बॅक्टेरियांवर शरीर चिडलंय त्यांच्यातलेच काही जण रोज तुमचं औषध उघडून देतात. म्हणून बॅक्टेरिया म्हणजे सरसकट वाईट असं कुणी म्हणालं की मला ही गोळी आठवते.

आता तुमची दाढ. दाढेत पू असेल तर अँटिबायोटिक घ्यावंच लागेल, चार-पाच दिवसांत सल्फासालाझिनचा परिणाम थोडा कमी झाला तरी बिघडत नाही, पण तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना फोन करून कळवा. कोर्सनंतर जुलाब वाढले तर "कोलायटिस उसळला" असं स्वतःच ठरवू नका, अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाचा एक जंतू डोकं वर काढतो, आयबीडीवाल्यांना त्याचा धोका जास्त, आणि त्यासाठी शौचाची वेगळी तपासणी लागते. तोपर्यंत स्टिरॉइड मनाने सुरू करायचं नाही. दुखण्याची गोळी मात्र बदलून घ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरेंनी कोलायटिस उसळू शकतो, पॅरासिटामॉल चालेल.

नारिंगी लघवी औषधाच्या रंगाने, घाबरू नका. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सोबत चालू आहे ना ते बघा. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी वयामुळे सांगते, या गोळीने पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या कमी होते, गोळी बदलली की दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. मूल हवं असेल तर डॉक्टरांना सांगून नुसतं मेसालामिन घेता येतं. कितीतरी जोडपी हे माहीत नसल्याने उगाच बायकोच्या तपासण्या करत बसतात.

प्रश्न : आईला आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) दिली. बरं वाटलं नाही. आता दुसऱ्या डॉक्टरांनी क्रोन्स सांगितलंय. पहिल्या डॉक्टरांनी आमची फसवणूक केली का? (सोलापूर)

उत्तर : फसवणूक असं मी म्हणणार नाही, पण तुमचा राग समजतो, सहा महिने कमी नसतात आणि एकेटीच्या गोळ्या आईच्या वयात सोसायला सोप्या नसतात.

आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीत जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांनाही लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तीच जागा आवडते, दोघांत ताप, वजन उतरणं, पोटात गोळा. तुकडा तपासला, जीनएक्स्पर्ट ही जनुकांवरून जंतू शोधणारी टेस्ट केली, तरी टीबीचा जंतू बऱ्याच वेळा हाती लागत नाही. आणि इथे चूक झाली तर दोन्हीकडून महाग पडते. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं बायोलॉजिक इंजेक्शन दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो, जिवावर बेततं. म्हणून आपल्या देशात शंका असेल तिथे आधी एकेटी देऊन बघतात.

पण बघायचं म्हणजे खरंच बघायचं. दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण टाकली तर टीबीच्या जखमा भरलेल्या दिसतात. भरल्या नसतील तर तिथेच थांबून विचार करायला हवा. आईच्या बाबतीत ही मधली दुर्बीण राहिली असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ज्यांच्या घरी असा कोर्स चालू आहे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, "डॉक्टर, परत दुर्बीण कधी?"

आईला आता बायोलॉजिक द्यायचं ठरलं तर आधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीची तपासणी व्हायला हवी, आधी एकेटी झाली असली तरी तो कागद फाइलला लावून ठेवा.

प्रश्न : निरोगी माणसाचं शौच पेशंटच्या आतड्यात सोडतात हे खरं आहे का? ऐकूनच कसंतरी झालं, पण मुलासाठी काहीही करायची तयारी आहे. नेटवर घरच्या घरी करायचे व्हिडिओ पण आहेत. (वडील, पुणे)

उत्तर : खरं आहे. फीकल ट्रान्सप्लांट म्हणतात. कल्पना विरजणाचीच, चांगलं विरजण आणून लावायचं. ज्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलचं वर लिहिलं, तो परत परत होणाऱ्या पेशंटमध्ये हे फार चांगलं काम करतं. कोलायटिसमध्ये निकाल मध्यम आहेत. २०१७ ला ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये २७ टक्के लोकांना चांगला आराम पडला, खोटं द्रावण दिलेल्यांत ८ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण चारातल्या तिघांना नाही. दिल्लीच्या एम्सने २०२२ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये खेड्यातल्या निरोगी लोकांचं ताजं शौच आठवड्यातून एकदा असं सात वेळा दिलं आणि जोडीला सूज कमी करणारा आहार ठेवला, तिथे सौम्य-मध्यम कोलायटिसमध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त जणांना आराम पडला, आणि नंतर नुसता आहार चालू ठेवूनही वर्षभर फायदा टिकताना दिसला. डोनर खेड्यातले का घेतले हे मला महत्त्वाचं वाटतं, शहरी खाण्यापेक्षा त्यांचं खाणं वेगळं आणि बॅक्टेरियांचे प्रकारही वेगळे.

पण घरी? दादा, नाही. काकाचं घ्या, भावाचं घ्या, चाळून एनिमाने द्या, असं त्या व्हिडिओत दाखवतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा काढला, दोन पेशंटना अशा ट्रान्सप्लांटमधून औषधांना न जुमानणारं ई. कोलाय गेलं आणि त्यातला एक दगावला. तेही हॉस्पिटलच्या देखरेखीखाली. डोनरचं रक्त, शौच, कावीळ, एचआयव्ही, दाद न देणारे जंतू, एवढं सगळं तपासावं लागतं, ते स्वयंपाकघरात होत नाही. मुलासाठी काही करायचंच असेल तर मेडिकल कॉलेजच्या गॅस्ट्रो विभागात ट्रायल चालू आहे का ते विचारा, तिथे नाव घाला.

प्रश्न : आम्ही टोरांटोला राहतो. मुलगा इथेच जन्मला, १३ व्या वर्षी क्रोन्स निघाला. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात कुणालाच नाही. आम्ही काय चुकलो? (एक मराठी आई)

उत्तर : तुम्ही काही चुकला नाहीत. तुम्ही राहता त्याच प्रांतात, ऑन्टारिओत, २०१५ मध्ये मोठा अभ्यास झाला. दक्षिण आशियातून मोठेपणी तिथे आलेल्यांना हा आजार कमी होतो, पण त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना तिथल्या स्थानिक मुलांइतकाच होतो. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत, बदललं ते आजूबाजूचं, खाणं, लहानपणीची अँटिबायोटिक्स, कदाचित अंगणातली मातीसुद्धा. आतड्यातले बॅक्टेरिया पहिल्या दोन-तीन वर्षांत बसतात आणि ते त्या जागेचे असतात. हे नुसतं कॅनडात नाही, पंजाबात २००३ मध्ये छापलेल्या पाहणीत लाखात ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, तेव्हा आपण हा गोऱ्यांचा आजार समजत होतो.

मुलगा १३ चा आहे म्हणून एक विचारा. मुलांच्या क्रोन्समध्ये सहा-आठ आठवडे फक्त पौष्टिक द्रव आहार, बाकी काही नाही, याने सूज स्टिरॉइडइतकीच उतरते आणि उंची-वजन वाढतं. कठीण आहे, घरात पोळ्या भाजल्या जातायत आणि तो बाटलीतून पितोय, हे बघवत नाही. एका आईने मला सांगितलं होतं की तिने ते सहा आठवडे फोडणी दुपारी मुलगा शाळेत असतानाच दिली, घरात वास राहू नये म्हणून.

प्रश्न : शौच पाठवून बॅक्टेरियाचा रिपोर्ट देणाऱ्या टेस्टची जाहिरात बघितली. करू का? (ठाणे)

उत्तर : आयबीडीसाठी नको. रंगीत पानांचा रिपोर्ट येतो पण त्यावरून निदानही होत नाही आणि औषधही ठरत नाही. शौचाचीच टेस्ट करायची तर फीकल कॅलप्रोटेक्टिन करा, आतड्यात सूज आहे की नाही ते सांगते, दुर्बिणीचे हेलपाटे कमी होतात.

प्रश्न : मला कोलायटिस आहे, सध्या शांत आहे. पण चार वर्षांपासून मऊ भात, मुगाचं वरण आणि ताक एवढंच खातो. भाकरी, पालेभाजी, उसळ सगळं बंद. शेतकरी माणूस, ताकद राहिली नाही. (काका, वय ५८, लातूर)

उत्तर : काका, चार वर्षं? आजार उसळलेला असताना, दहा-बारा वेळा जावं लागत असताना मऊ भात बरोबर आहे, तेव्हा चोथा कमीच हवा. पण शांत असताना चोथा बंद ठेवला तर तुमचे ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया उपाशी राहतात, आणि त्यांच्यासोबत आतड्याचं अस्तरही. तुमच्या आतड्यात कुठे आकुंचन, म्हणजे अरुंद झालेली जागा, नाही हे मागच्या दुर्बिणीच्या कागदावर आहे का बघा, तसं लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. क्रोन्सवाल्यांनी आणि आतडं अरुंद झालेल्यांनी हे करायचं नाही, त्यांना शेवग्याची शेंग, मेथीचे देठ, मक्याचं कणीसही अडकू शकतं.

आकुंचन नसेल तर हळूहळू सुरू करा. पहिला आठवडा ज्वारीची अर्धी भाकरी, ताजी, दुधात किंवा वरणात कुस्करून. सोसली तर दुसऱ्या आठवड्यात दुधी, दोडका, लाल भोपळा, साल काढून शिजवलेला. पिकलेलं केळं चालेल. मग पालक, बारीक चिरून डाळीत. उसळ सगळ्यात शेवटी, मोड आणून, चांगली शिजवून, दोन चमचे. एका वेळी एकच नवीन गोष्ट आणि तीन दिवस थांबायचं, वहीत लिहायचं. गोळ्या यातल्या एकाही दिवशी चुकवायच्या नाहीत. रक्त दिसलं तर मागे या आणि फोन करा. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन तपासून घ्या, ताकद नुसती भाकरीने नाही येणार. आणि आजार होऊन आठ वर्षं झाली असतील तर कॅन्सर वेळेत दिसावा म्हणून दुर्बीण ठरल्याप्रमाणे करून घ्यायची, त्रास नसला तरी. ती वही पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे नक्की घेऊन जा.